उतरताना कठडा डाव्या हाताला येतो

मार्केट यार्डातल्या त्या पेढीवर मी आप्पांबरोबर गेले तेव्हा 2022 चा फेब्रुवारी होता, बेदाण्याचा हंगाम तोंडावर आलेला. शेठनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि आप्पांकडे बघून विचारलं, "पोरीला नक्की काय झालंय?"

मी त्यांच्या समोरच बसले होते. मांडीवर फाईल होती. बी. कॉम. प्रथम श्रेणी, टॅली, जीएसटीचा कोर्स, एमएस-सीआयटी, सगळं क्रमानं लावून नेलं होतं. ती फाईल उघडलीच गेली नाही. आप्पा म्हणाले, "जन्मापासनं डाव्या अंगाला जरा कमी हाय." मग किती वेळ बसवतं तिला, जेवणखाण आपलं आपण करते का, जाणार-येणार कशी, लग्नाचं काय बघताय, असे एकामागून एक प्रश्न, सगळे आप्पांना. शेवटी शेठ माझ्याकडे वळले. "बाळ, इथं हमालांची वर्दळ असती. पोत्यांतनं वाट काढत यायचं. कुठं पडलीबिडलीस तर? तुझ्याच काळजीनं सांगतोय." आम्ही उठलो तेव्हा त्यांनी आप्पांच्या हातावर शंभराची नोट ठेवली. "पोरीला खाऊ घ्या."

मी तेव्हा 22 वर्षांची होते. आप्पांनी ती नोट खिशात घातली नाही आणि परतही केली नाही. वडाप मिळेपर्यंत तशीच मुठीत धरून ते चालत राहिले आणि कवलापूरचं भाडं म्हणून तीच पुढं केली. घरी गेल्यावर आम्ही दोघांनीही आईला त्या नोटेचं सांगितलं नाही.

त्यानंतरच्या अडीच वर्षांत मी सांगली, मिरज, माधवनगर, कुपवाड मिळून आणखी सहा ठिकाणी मुलाखतीला गेले. एकाही ठिकाणी मला कुणी "नाही" म्हटलं नाही. सगळ्यांनी काळजी केली. नकार समोर आला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली की हातापायांना मेंदूकडून हुकूम नीट पोचत नाहीत, असं डॉक्टरांनी आईला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. गावात म्हणतात, हिच्या डाव्या अंगावरनं वारं गेलंय. माझ्या डाव्या हाताची मूठ आपोआप मिटते आणि डावा पाय थोडा ओढत चालावा लागतो. उजवी बाजू ठणठणीत आहे. शाळेत पेपर लिहिताना कागद सरकायचा, म्हणून मी डावं कोपर त्याच्या कोपऱ्यावर दाबून धरायचे. बारावीपर्यंत त्या कोपराला घट्टा पडला होता.

कामाचंही तसंच. टॅलीत आकडे भरायचे ते उजव्या बाजूच्या नंबर पॅडवर, तिथं माझी बोटं कुणाच्याही तोडीस तोड चालतात. अडायचं ते दोन बटणं एकदम दाबायची वेळ आली की. कंट्रोल आणि ए, ऑल्ट आणि सी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना योगायोगानं कळलं की शिफ्टचं बटण लागोपाठ 5 वेळा दाबलं की संगणक विचारतो, स्टिकी कीज चालू करू का? हो म्हटलं की पुढं एक बटण दाबून सोडायचं, मग दुसरं दाबायचं. संगणकाला ते दोन्ही एकदम दाबल्यासारखंच कळतं. ही सोय विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून फुकट पडून आहे. ती सापडली त्या दिवशी मी घरात कुणाला काही न सांगता रात्री बारापर्यंत व्हाउचर भरत बसले होते.

मुलाखतीत हे दाखवायची माझी फार इच्छा असायची. "एका हातानं कसं करणार?" असं कुणी विचारावं, म्हणजे मी म्हणेन, द्या संगणक, दाखवते. पण कुणी विचारायचंच नाही. हाताकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

त्या पेढीवरून आल्यावर पहिलं काम केलं ते प्रमाणपत्राचं. वाचणाऱ्याला नवल वाटेल, पण 22 वर्षं माझ्याकडे दिव्यांगाचं प्रमाणपत्र नव्हतं. माझ्या बरोबरीच्या, पायानं अधू असलेल्या एका मुलाचं गावात पाचवीतच काढलं होतं, एसटीची सवलत आणि शाळेची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून. माझं काढायला आजीनं आणि आत्यानं विरोध केला. पोरीच्या नावावर सरकारी शिक्का बसला की उद्या स्थळ कोण आणणार? त्यांनी हे मायेपोटीच केलं, यात मला शंका नाही. पण त्या मायेची किंमत मी मोजली. परीक्षेत दर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, ती मी कधी घेतली नाहीत. सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव असतात, त्यातल्या एकाही जाहिरातीला अर्ज केला नाही. पदवीनंतरची दोन वर्षं, त्यातली काही कोरोनाची, घरात बसून गेली. 2018 मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत 15 वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून 23.8 टक्केच भरले. बाकीचे, म्हणजे चारातले तीन, शोधायलाही बाहेर पडलेले नाहीत. त्यांत घराघरात माझ्यासारख्या किती मुली असतील, ते मला कुठल्या तक्त्यात बघायची गरज वाटत नाही.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर केला. आधार, फोटो, सही, जुने दवाखान्याचे कागद जोडले, तपासणीसाठी सरकारी रुग्णालय निवडलं. डॉक्टरांनी हात वाकवून, सोडवून, चालायला लावून बघितलं. 55 टक्के दिव्यांगत्व. 40 किंवा त्याहून जास्त असेल तरच आरक्षण आणि बऱ्याच सवलती लागू होतात, तेव्हा तो आकडा कळल्यावर मला हायसं वाटलं आणि आई रडली. एकाच कागदाकडे बघून दोघींना दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या. दिव्यांगाचं कार्ड टपालानं आलं तेव्हा आप्पांनी ते लॅमिनेट करून आणलं, गरज नसताना.

कार्ड हातात आलं आणि नवा पेच पडला. अर्जात लिहायचं की नाही? लिहिलं तर फोन येत नाही. नाही लिहिलं तर फोनवर गोड बोलून बोलावतात आणि दारातून आत येताना माझी चाल बघून तोंडं बदलतात. माधवनगरच्या एका दुकानात मालकीणबाईंनी फोनवर सोमवारपासून या म्हटलं होतं. सोमवारी गेले तर म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाही का आधी?" जणू मी त्यांना फसवलं होतं. मिरजेत एकांनी ठेवून घ्यायची तयारी दाखवली. पगार जाहिरातीत नऊ हजार होता, मला चार म्हणाले. "तुला निराधारचे पैसे येत असतीलच की." मला ते येत नाहीत, आणि आले असते तरी पाच हजारांचं काम मी फुकट का करायचं? हे मी त्यांना विचारलं. त्यावर त्यांनी आप्पांना फोन लावला, पोरीला जरा बोलायचं वळण लावा म्हणून.

लग्नाचा प्रश्न मात्र सातही ठिकाणी. आमच्या पै-पाहुण्यांत पोलिओमुळे कुबडी घेऊन चालणारे एक काका आहेत, आयुष्यभर हिशेबाची नोकरी केली. त्यांना मी मुद्दाम विचारलं, तुम्हाला मुलाखतीत लग्नाचं विचारलं होतं का? ते म्हणाले, नाही, उलट नोकरी लागल्यावर स्थळं आली. आम्हा मुलींना आधी विचारतात लग्न होणार का, कारण झालं तर सोडून जाशील. आणि होणार नाही असं ठरवून टाकलं तर म्हणतात, मग पगार कशाला हवा, घरचे सांभाळतीलच. मिरजेची माझी एक मैत्रीण आहे, तिला ऐकू कमी येतं, ओठांवरून ओळखते. ती डी. एड. आहे. तिला एका ठिकाणी सांगितलं, पॅकिंगला ये, तिथं बोलायची गरज नाही, आणि बायकाच असतात, घरच्यांनाही घोर नाही. घोर हा शब्द आमच्या वाट्याला फार येतो.

सातवी मुलाखत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, जून 2024 मध्ये. या वेळी मी एकटीच गेले. आप्पांना म्हटलं, तुम्ही आलात की ते तुमच्याशीच बोलतात. त्यांना वाईट वाटलं, पण थांबले.

तिथं पहिल्यांदा माझी परीक्षा घेतली. 40 व्हाउचर भरायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं, जीएसटीची दोन बिलं मुद्दाम चुकवून दिलेली होती ती शोधायची. मी शिफ्ट 5 वेळा दाबलं आणि सुरू केलं. दिलेल्या वेळेच्या आत झालं. अकाउंट्सचे साहेब स्वतः येऊन बघून गेले, म्हणाले, "छान आहे काम." माझ्या आयुष्यात कुणी कामाला छान म्हणण्याची ती पहिली वेळ होती. हातपाय सोडून कुणीतरी कामाकडे बघितलं होतं.

मग एचआरच्या मॅडमनी खाली बोलावलं. "तुम्ही सिलेक्टच आहात, पण मॅनेजमेंटला जिन्याची काळजी वाटतेय. अकाउंट्स पहिल्या मजल्यावर आहे. तुमच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, शिवाय मुलगी म्हणजे आमच्यावर जबाबदारी."

जिन्याचं मी नीट सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. मी जिना चढते. कठडा उजव्या हाताला असला की काही अडचण नाही. त्यांच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता, चढताना उजवीकडे. पण तोच कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, आणि माझा डावा हात तो धरू शकत नाही. दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. मी त्या दिवशी भिंतीला तळवा टेकवत उतरले होते आणि तेच कुणीतरी बघितलं होतं. उपाय एवढाच की त्या भिंतीला एक पाइप हवा. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो पण त्याचा खर्च कोण करणार?"

मी म्हटलं, "तर मग जिन्यामुळे घेत नाही, असं मला लिहून द्या."

हे वाक्य मी ठरवून गेले नव्हते. मॅडम गप्प झाल्या. म्हणाल्या, मेलवर कळवतो. मेल आला, दोन ओळींचा: सदर पद तूर्त स्थगित ठेवलं आहे. सहाव्या दिवशी त्याच पदाची जाहिरात पुन्हा आली. मी तारखेसकट तिचा फोटो काढून ठेवला.

त्यानंतर चार रात्री मी मोबाइलवर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 वाचला. इंग्रजी माझं बेताचं, त्यात कायद्याचं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की माझ्या सातही मुलाखतींसाठी कुणीतरी आधीच वाक्यं लिहून ठेवली आहेत. नोकरीत भेदभाव करायचा नाही असं कलम 20 मध्ये स्वच्छ लिहिलंय, पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. इथं मी खट्टू झाले. आपल्याकडे नोकऱ्या देणारे निम्म्याहून जास्त खासगीच, मग त्यांना मोकळं का सोडलं, हे मला अजूनही पटत नाही. पण भेदभावाला मनाई करणारं कलम 3 सगळ्यांना लागू आहे, आणि कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. आणि 2017 च्या केंद्राच्या नियमांत तिसरा नियम आहे. 20 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्यानं एक तर कारवाई करायची, नाही तर आपण केलं ते योग्य उद्देशासाठी आणि प्रमाणात कसं होतं, हे तक्रारदाराला लेखी कळवायचं. लेखी! आणि त्याच नियमात पुढं आहे की सोयीसाठी येणारा खर्च, थोडाही, दिव्यांग व्यक्तीच्या माथी मारता येणार नाही. "खर्च कोण करणार?" याचं उत्तर 2017 पासून छापून तयार होतं आणि मॅडमना आणि मला, दोघींनाही ते ठाऊक नव्हतं.

कंपनीच्या प्रमुखांना मी मराठीत पत्र लिहिलं, दीड पान. परीक्षा दिली ती तारीख, मेल, पुन्हा आलेली जाहिरात, नियमाचा क्रमांक. सोबत जिन्याचं हातानं काढलेलं चित्र जोडलं आणि भिंतीवर जिथं पाइप हवा तिथं बाण काढला. विजयनगरला टपालात जाऊन रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोचपावतीसह. पोचपावती परत आली, उत्तर आलं नाही. महिनाभर वाट बघून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. त्यासाठी वकील लावावा लागला नाही. साधा अर्ज, कागदांच्या प्रती आणि कार्डाची झेरॉक्स.

घरात या काळात फार बरं वातावरण नव्हतं. आत्या म्हणाली, कंपनीवाल्यांशी वैर घेतलंस, आता सांगलीत तुला कोण उभं करेल? माझ्याही मनात ती भीती होती. ऑगस्टमध्ये विश्रामबागेतल्या एका कर सल्लागारांकडे मला काम मिळालं, तळमजल्यावर, जाहिरातीत होता त्याच पगारावर. मी पहिल्याच दिवशी त्यांना तक्रारीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "जीएसटीची विवरणपत्रं, 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी, वेळेत गेली पाहिजेत, बाकी तुमचं तुम्ही बघा." मला एवढंच ऐकायचं होतं.

आयुक्तालयाची नोटीस गेल्यावर कंपनीचं लेखी उत्तर आलं. त्यात होतं की जिन्याची रचना पाहता उमेदवाराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं निवड केली नाही. सात मुलाखतींतली काळजी पहिल्यांदा लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी माझ्या हातात आली होती. मी तो कागद आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजी कामात काय खोट न्हाय असं लिहिलंय की त्यांनी." मला ते तोवर तसं सुचलंच नव्हतं. सुनावणीत मी तेच वाक्य मांडलं, आप्पांचंच. परीक्षेबद्दल तक्रार नाही, कामाबद्दल तक्रार नाही, राहतो तो फक्त जिना.

पुण्याला आप्पा सोबत आले होते. आत जाताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते बाकावर बसले आणि डबा मांडीवर घेऊन म्हणाले, "तू ये जाऊन." कंपनीकडून आलेले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मान्य केलं की समान संधीचं असं काही धोरण करायचं असतं हे त्यांच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. धोरण लावू, त्यासाठी अधिकारी नेमू, कठड्याचं काम करू आणि पुढची जागा निघेल तेव्हा यांना बोलावू, असं त्यांनी लिहून दिलं. जागा तोवर भरली गेली होती. तिथं लागलेल्या मुलाला काढा असं मी म्हटलं नाही, त्याची काय चूक?

या मार्चमध्ये बोलावणं आलं. मी जाणार नव्हते. आहे त्या कामात मी बरी होते, आणि त्या फाटकातून पुन्हा आत जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. पण तिथला पगार साडेचार हजारांनी जास्त होता, पीएफ होता. गेले. चाळीस मिनिटं मुलाखत झाली. घसारा, टीडीएस, जुन्या येण्यांचं काय करायचं, एका पार्टीचं खातं जुळत नाही तर कुठून सुरुवात कराल, सगळे प्रश्न कामाचे. हातपाय नाही, लग्न नाही, आप्पा काय करतात तेही नाही. दोन उत्तरं माझी चुकली, ती त्यांनी सांगितली. मला तेही बरं वाटलं.

बाहेर आले तेव्हा कुणी सोबत आलं नाही. उतरायला लागले तर उजव्या बाजूच्या भिंतीला पाइप होता. वेल्डिंगचे ठिपके अजून घासलेले नव्हते, वर नुसता रेड ऑक्साइड मारलेला. मी चित्रात बाण काढला होता त्याहून दोन बोटं खालीच बसवलाय, पण हात बरोबर पोचतो. धरून सावकाश सगळ्या पायऱ्या उतरले. खाली आल्यावर बघितलं तर तळहात लालभडक, रंग पुरता वाळलाच नव्हता.

वडापात ओढणीला लागू नये म्हणून मूठ मिटून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, लागलं का काय? म्हटलं, नाही, रंग आहे.

निकाल अजून कळवलेला नाही.